तपासणीच्या आधी विचारायचा प्रश्न

(विहाराच्या वर्धापनदिनी पावस येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी डॉक्टर नाही. गिरणीच्या त्रासनखात्यात उभं राहून आयुष्य काढलेला कामगार आहे. जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून, आणि युनियनच्या कामात आजारी कामगारांबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभं राहून शिकलो. तेव्हा कोणी कोणतं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही. ते सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा. मी बोलणार आहे ते औषधाच्या आधी येणाऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे तपासण्यांबद्दल. रक्त, लघवी, फोटो, सोनोग्राफी, एमआरआय. आज आपल्या माणसाचा बराचसा पैसा औषधाच्या दुकानात पोचण्याआधीच इथे संपतो.

विषय निघण्याचं कारणही सांगतो. यंदा वर्धापनदिनाला विहारात एका खाजगी लॅबचं ‘फुल बॉडी’ तपासणीचं शिबिर ठेवावं, प्रत्येक घराने सवलतीच्या दरात पॅकेज घ्यावं, अशी सूचना समितीपुढे आली. सूचना करणाऱ्या तरुणांचा हेतू चांगलाच आहे. पण वाडीतल्या पन्नास घरांचा पैसा खर्च होणार असेल, तर होय म्हणण्याआधी हिशेब मांडला पाहिजे. तो मांडायचा मी प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट. तपासणी चांगली की वाईट, महाग की स्वस्त, हा नंतरचा प्रश्न. पहिला प्रश्न एकच : रिपोर्ट आल्यावर उपचारात काय बदलणार आहे? रिपोर्ट असा आला तर हे करू, तसा आला तर ते करू, असं डॉक्टरांना सांगता येत असेल तर तपासणी कामाची. रिपोर्ट कसाही आला तरी गोळी तीच द्यायची असेल, तर तो पैसा पाण्यात गेला असं समजा.

हे शास्त्र मी माझ्या मनाने सांगत नाही. १९८० साली पॉकर आणि कॅसिरर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी या विचाराची नीट मांडणी केली. ती आपल्या कोकणी भाषेत अशी सांगता येईल. जुलै महिन्यात घराबाहेर पडताना आपण आभाळाकडे बघत नाही. छत्री घेतो आणि चालू पडतो. जानेवारीतही आभाळ बघत नाही, छत्री खुंटीलाच राहते. आभाळ आपण बघतो ते मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात, जेव्हा पाऊस येईल की नाही याची खात्री नसते. आजाराचंही तसंच आहे. लक्षणांवरून आजार जवळजवळ नक्की असेल, उशीर धोक्याचा असेल आणि औषध फारसं घातक नसेल, तर रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करायचे. आजाराची शक्यता फारच कमी असेल तर तपासणीच्या वाटेला जायचं नाही. मधल्या अवस्थेत, जिथे डॉक्टरांच्या मनात खरोखर शंका आहे, तिथे तपासणीचा पैसा वसूल होतो.

लेप्टोचं उदाहरण घ्या. भातलावणीच्या दिवसांत पायाला जखमा असलेला माणूस चिखलात उभा राहिला, आणि आठवड्याभराने कडक ताप, पोटऱ्यांत गोळे, लाल डोळे घेऊन आला, तर आपल्या भागातला जाणता डॉक्टर रिपोर्टसाठी औषध अडवून ठेवत नाही. लेप्टोची जी रक्तचाचणी साधारणपणे करतात, ती पहिल्या पाच-सहा दिवसांत बहुतेक वेळा काही दाखवतच नाही, कारण रक्तात ती खूण तयार व्हायलाच तेवढे दिवस लागतात. पहिल्या दिवशी घाईने पैसे भरून चाचणी केली, ‘निगेटिव्ह’ आली, आणि घरचे निर्धास्त झाले, तर तो रिपोर्ट न केल्यापेक्षा वाईट. डेंग्यूचंही वेळापत्रक आहे. एनएस-१ नावाची चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर दुसरी. टायफॉइडसाठी एकदाच केलेली विडाल चाचणी तर फार भरवशाची नाही. म्हणून तापाला कितवा दिवस आहे, हे डॉक्टरांना आठवणीने सांगत जा. ते सांगायला पैसे पडत नाहीत, पण त्यावर पैसे वाचतात.

आता आपल्या रत्नागिरीचंच एक उदाहरण देतो. फुरसं या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. फुरशाचं किंवा घोणशीचं विष रक्तात गेलं की रक्त गोठेनासं होतं. विष अंगात भिनलं आहे की नाही हे ओळखायला जगभर मानलेली चाचणी कोणती? काचेची नवी, स्वच्छ, कोरडी नळी घ्यायची, शिरेतून काढलेलं दोन मिलिलिटर रक्त तिच्यात घालायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहून वाहिलं तर विष चढलं आहे, प्रतिविष द्यायचं. गोठलं तर रोग्यावर लक्ष ठेवून चाचणी पुन्हा पुन्हा करत राहायची. खर्च एका काचेच्या नळीचा. वीज नको, मशीन नको. फक्त नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली चालत नाही, त्यात निकाल चुकतो.

या नळीने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे चाचणीची किंमत तिच्या दरावर ठरत नाही, तिच्यावरून जो निर्णय होतो त्यावर ठरते. दुसरी म्हणजे कोणती चाचणी कशासाठी आहे हे ठाऊक हवं. नाग किंवा मण्यार चावली तर विष नसांवर जातं. तिथे ही नळी काही सांगणार नाही. तिथे जड होणाऱ्या पापण्या आणि अडखळणारा श्वास बघावा लागतो.

गिरणी कामगारांचंही एक उदाहरण आहे. कापसाच्या धुळीने छातीचा एक आजार होतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांत केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांनी १९८० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला होता. या आजाराची सुरुवातीची खूण कोणत्या मशिनीत दिसत नाही. ती एका प्रश्नात आहे : छाती कोणत्या दिवशी आवळते? साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी आवळत असेल आणि मग आठवडाभर हळूहळू उतरत असेल, तर डॉक्टरांचं लक्ष धुळीकडे गेलं पाहिजे. नंतर फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी. पण आमच्या खात्यातल्या किती जणांना हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. फोटोवर फोटो काढले, रक्त काढलं आणि टीबीच्या शंकेत महिने घालवले. साचा बंद पडला की चांगला फिटर सगळा साचा खोलायला बसत नाही. तो आधी साचेवाल्याला विचारतो, कधीपासून आणि कसा आवाज येत होता. माणसाच्या बाबतीतही विचारणं आणि हाताने तपासणं ही पहिली तपासणी, आणि ती सगळ्यात स्वस्त.

आता टीबीचाच विषय निघाला आहे, तर एक मोठा हिशेब सांगतो. आपल्या देशात बरीच वर्षं टीबी ओळखण्यासाठी रक्ताची एक चाचणी खाजगी लॅबमध्ये सर्रास केली जात असे. बेडका तपासायला लोकांना किळस वाटते, रक्त देणं सोपं वाटतं, रिपोर्ट छापील मिळतो. वर्षाला सुमारे पंधरा लाख अशा चाचण्या होतात असा अंदाज होता. २०११ साली डाउडी, स्टाइनगार्ट आणि मधुकर पै या संशोधकांनी भारतापुरता हिशेब मांडला : पंधरा लाख संशयितांचा बेडका दुर्बिणीखाली तपासण्याऐवजी ही रक्तचाचणी केली तर काय होईल? उत्तर असं आलं की १४ हजार रोगी जास्त सापडतील, पण टीबी नसलेल्या १ लाख २१ हजार जादा माणसांवर टीबीचा शिक्का बसेल. रोग पसरवणारे काही रोगी मात्र सुटतील, आणि त्यांच्यामुळे ३२ हजार नवीन लोकांना टीबी होईल. आणि हे सगळं सुमारे चौपट खर्चात. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ही चाचणी वापरू नका असं स्पष्ट सांगितलं, आणि २०१२ साली भारत सरकारने तिच्यावर बंदी घातली.

जरा विचार करा. १ लाख २१ हजार माणसं. सहा-सहा महिने नको त्या गोळ्या, कामावरची हजेरी गेली, कोणाची सोयरीक मोडली, कोणाचं ताट-वाटी वेगळी झाली. अस्पृश्यता काय असते हे ज्यांच्या बापजाद्यांनी सोसलं, त्यांना ताट वेगळं होण्याचा अर्थ मी सांगायला नको.

पण म्हणून स्वस्त ते चांगलं असंही समजू नका. दुर्बिणीखालची बेडक्याची तपासणी स्वस्त खरी, पण तिच्यातून टीबीचे बरेच रोगी निसटतात. निसटलेला रोगी दहा दवाखाने फिरतो, घरच्यांना रोग देतो आणि शेवटी खर्च वाढतोच. म्हणून आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट या यंत्रांवर बेडका तपासतात. त्यातलं ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं. ते बॅटरीवर चालतं, त्यामुळे लहान केंद्रातही ठेवता येतं. टीबी आहे का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यावर चालेल का, हे दोन्ही त्यावर त्याच दिवशी कळू शकतं. म्हणजे उपचार बदलतो. तपासणी महाग असली तरी पैसा वसूल. आणि सरकारी कार्यक्रमात ती रोग्याला मोफत आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर लाजू नका, बेडका द्या.

आता पॅकेजकडे वळतो. पॅकेजवर लिहिलेलं असतं साठ तपासण्या, सत्तर तपासण्या. आकडा मोठा वाटतो, पण त्यात एक मेख आहे. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ म्हणून जी मर्यादा छापलेली असते, ती बहुधा अशी ठरवतात की शंभर निरोगी माणसांपैकी पंचाण्णव तिच्या आत बसतील. म्हणजे पाच निरोगी माणसं मुळातच बाहेर राहणार. ही झाली एका तपासणीची गोष्ट. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसावर केल्या, तर निदान एक तरी आकडा ठळक अक्षरात यायची शक्यता शंभरात चौसष्ट. आणि साठ तपासण्या केल्या तर? ठळक अक्षर जवळजवळ ठरलेलंच. मग घरात काळजी, मग पुन्हा तपासणी, मग सोनोग्राफी, मग मुंबईची फेरी.

दुसरा हिशेब. समजा, एक हजार माणसांच्या वस्तीत एखादा आजार दहा जणांना आहे. चाचणी चांगली आहे. दहा रोग्यांपैकी नऊ पकडते, आणि दहा निरोग्यांपैकी नऊ जणांना बरोबर सोडते. सगळ्या हजार जणांची चाचणी केली तर काय होईल? दहापैकी नऊ रोगी सापडतील. पण नऊशे नव्वद निरोग्यांपैकी नव्व्याण्णव जणांचा रिपोर्टही ‘पॉझिटिव्ह’ येईल. एकूण एकशे आठ जण घाबरणार, त्यांतले खरे रोगी नऊ. हीच चाचणी डॉक्टरांनी आधी विचारपूस करून, लक्षणं असलेल्या मोजक्या लोकांवर केली, तर तिच्या शब्दाला वजन येतं. चाचणी तीच असते, ती कोणावर करायची हे बदललेलं असतं.

मग कोणतीही तक्रार नसताना तपासणी करूच नये का? असं नाही. काही तपासण्या अवश्य कराव्यात, कारण तो आजार आतल्या आत वाढतो, वेळीच कळला तर उपाय आहे, आणि तपासणी साधी आहे. तिशीनंतर ब्लडप्रेशर आणि शुगर. गरोदर भगिनींचं आणि वयात येणाऱ्या मुलींचं रक्ताचं प्रमाण, म्हणजे हिमोग्लोबिन. तंबाखू-मिश्री लावणाऱ्यांनी तोंड दाखवणं.

आणि बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी. यात महाराष्ट्राने जगाला शिकवलं आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना शिकवून तयार केलं. त्या व्हिनेगर, म्हणजे पातळ ॲसेटिक ॲसिड, लावून मिनिटभराने बघत. पांढरा डाग उठला तर पुढे हॉस्पिटलात. दर दोन वर्षांनी ही तपासणी झाली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाला. दुसऱ्या निम्म्या बायकांना फक्त माहिती मिळाली, तपासणी नाही, यावर टीकाही झाली. ती टीका आपणही विसरू नये, कारण त्या बायका आपल्यासारख्याच घरांतल्या होत्या.

याच्या शेजारी बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने धाराशिव जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, खेड्यांत झालेला अभ्यास ठेवा. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. तिथे एचपीव्ही नावाची महाग चाचणी आयुष्यात एकदाच केली, तरी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. व्हिनेगरची तपासणी एकदाच करून मात्र असा ठळक फायदा दिसला नाही. दोन्ही अभ्यास मिळून काय सांगतात? स्वस्त तपासणी पुन्हा पुन्हा होणार असेल तर ती तारते. वर्षानुवर्षं पुन्हा फेरी होणार नसेल, तर महाग तपासणी एकदाच करणं शेवटी परवडतं. आणि दोन्हीत रिपोर्टनंतर उपचाराची वाट तयार होती. ती वाट नसेल तर शिबिर म्हणजे फक्त फोटो काढण्याचा कार्यक्रम.

आता थोडं कडू बोलतो. सगळ्याच तपासण्या रोग्याच्या भल्यासाठी लिहिल्या जात नाहीत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या कोकणात विंचूदंशावर काम करून जगभर गेले. त्या कामातही त्यांचं मोठं हत्यार काय होतं? रोग्याचे थंड पडलेले हातपाय, घाम आणि नाडी. याच बावस्करांनी २०१३ साली एक धाडस केलं. रोगी तपासणीला पाठवला म्हणून एका तपासणी केंद्राकडून त्यांना बाराशे रुपयांचा चेक आला. तो त्यांनी परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. असे स्वच्छ डॉक्टर आपल्यातही आहेत. त्यांचा मान ठेवा. पण ‘कट’ ही गोष्ट अस्तित्वात आहे हे डोळ्याआड करू नका.

विनयपिटकात जीवकाची कथा आहे. साकेतच्या एका श्रेष्ठीच्या पत्नीचं डोकं सात वर्षं दुखत होतं. मोठमोठे वैद्य आले, सोनं घेऊन गेले, गुण आला नाही. तरुण जीवक म्हणाला, आधी काही देऊ नका, बरं वाटलं तर मग इच्छेप्रमाणे द्या. रोग्याच्या खर्चाची काळजी हा वैद्याच्या धर्माचा भाग आहे, हे आपल्याकडे किती जुनं आहे बघा.

मग आपण काय करायचं? डॉक्टरांशी भांडायचं नाही. उद्धटपणा नको आणि मुकेपणाही नको. नम्रपणे, पण ताठ मानेने चार प्रश्न विचारायचे. डॉक्टरसाहेब, तुम्हाला कोणत्या आजाराची शंका आहे? रिपोर्ट आल्यावर उपचारात काय बदलेल? चार दिवस थांबलं तर धोका आहे का? आणि हीच तपासणी सरकारी दवाखान्यात होते का? डॉक्टर म्हणाले की थांबणं धोक्याचं आहे, तर मात्र पैशाचा विचार न करता तपासणी करा. छातीत कळ, अर्धं अंग लुळं पडणं, सर्पदंश, बाळंतपणातला रक्तस्राव, इथे प्रश्नोत्तरांत वेळ घालवायचा नाही. कंबरदुखीत एमआरआय लगेच लागतोच असं नाही. पण पाय लुळा पडत असेल, लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तर तातडीने डॉक्टर गाठा.

खर्च मोजताना फक्त लॅबची पावती मोजू नका. रत्नागिरीची एसटी, बरोबरच्या माणसाची बुडालेली मजुरी, रिपोर्ट आणायची दुसरी फेरी, हे सगळं त्यात धरा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार आणि तपासण्या मोफत झाल्या आहेत. पावसच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी जा. तिथे तपासणी होत नसेल तर कुठे पाठवता ते विचारा. हक्क मागितला नाही तर तो कागदावरच राहतो, हे बाबासाहेबांच्या लेकरांना कोणी शिकवायला नको.

माझी समितीला हात जोडून विनंती आहे. पॅकेजचं शिबिर नको. त्याऐवजी आरोग्य केंद्राच्या मदतीने ब्लडप्रेशर, शुगर, हिमोग्लोबिन आणि तोंडाची तपासणी ठेवा, आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकणाऱ्यांची यादी करून त्यांचा बेडका तपासणीला पाठवा. गर्भाशयाच्या तपासणीसाठी महिला मंडळाने भगिनींना गटाने घेऊन जावं, म्हणजे संकोच वाटणार नाही. प्रत्येक घरासाठी एक वही करा. तीत तारीख, तपासणी, निकाल आणि पुढे काय केलं, एवढंच लिहायचं. जुना रिपोर्ट हाताशी असला की तीच तपासणी दोनदा होत नाही. आणि शिकलेल्या मुलामुलींपैकी दोघांनी वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर दवाखान्यात जाण्याची पाळी लावून घ्यावी. पॅकेजचे जे पैसे वाचतील त्यातून एक छोटा निधी ठेवा, ज्याला खरोखर महाग तपासणी लागेल त्याच्यासाठी.

कोणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून बघा, ही तथागतांची शिकवण आपण दर रविवारी इथे ऐकतो. ती दवाखान्याच्या दारातही बरोबर न्यावी, एवढंच माझं मागणं आहे. 

जयभीम! नमो बुद्धाय!